दिवसभर घरात मी आणि बाळ, दोघीच. सोबत कुठून आणायची?

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. बाळंतपण सांगलीला माहेरी झालं, तीन महिने तिथेच होते. आता ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या फ्लॅटवर आलेय, अठराव्या मजल्यावर. हे सकाळी साडेआठला पवईला निघतात, रात्री नऊच्या आत येत नाहीत. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्या गावीच असतात. कॉम्प्लेक्समधल्या मातांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला घेतलंय, पण तिथलं वाचून उलट धडकी भरते. कोणाचं बाळ सात किलोचं, कोणाचं रात्रभर झोपतं. त्यात आठवडाभर छाती एकदम मऊ लागतेय, दूध कमी झालं की काय? अडीच महिन्यांनी ऐरोलीला ऑफिस सुरू. संध्याकाळ झाली की रडू येतं. कोणाची तरी सोबत हवी आहे, पण ती मिळवायची कशी?"

आधी दुधाचं बोलू, कारण ती धाकधूक डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही कानात शिरणार नाही. तीन महिन्यांच्या सुमाराला छाती मऊ लागतेच. सुरुवातीला बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध तयार होतं, म्हणून छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो. पुढे बाळ जितकं ओढेल तितकंच बनायला लागतं आणि तो ताठरपणा जातो. दूध आटल्याची ती खूण नव्हे. याच वयात बाळांना पंखा, पडदा, आईची कुडी, सगळं बघायचं असतं. ती मध्येच तोंड काढतात, पाच-सात मिनिटांत आटोपतात, आणि आईला वाटतं पोट भरलं नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिक्या रंगाची शू आणि वजन आपल्या चालीने चढतंय, एवढं असलं की दूध पुरतंय. डायपरमध्ये शू नीट मोजता येत नाही. एखादा दिवस लंगोट बांधा आणि मोजा.

वजनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन महिने पूर्ण झालेल्या मुलीचं मधलं वजन 5.8 किलो आहे, पण साधारण 4.5 पासून 7.5 पर्यंतचं सगळं निरोगी बाळांच्या पट्ट्यात बसतं. ग्रुपवरचं सात किलोचं बाळ मुलगा असेल, पाच महिन्यांचं असेल, जन्मतःच साडेतीन किलोचं असेल. ते कोणी लिहीत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो. त्यावर आपल्याच मुलीचे ठिपके जोडा. रेषा चढती असेल तर दुसऱ्यांच्या बाळांची वजनं करमणूक म्हणून वाचा. रेषा आडवी पडली किंवा खाली वळली तर बालरोगतज्ज्ञाकडे जा.

आता रडण्याचं. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस डोळे भरून येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि आपसूक ओसरतं. साडेतीन महिन्यांनी येणारं रडू त्यात मोडत नाही. बारा-बारा तास मोठ्या माणसाशी एक वाक्य बोलायला मिळालं नाही तर कोणालाही रडू येईल, तसंही असू शकतं. पण स्वतःला तीन गोष्टी विचारा. बाळ झोपलेलं असताना, शांतता असतानाही तुम्हाला झोप येत नाही का? आवडीचं काही खाण्यात, बोलण्यात गोडीच वाटेनाशी झालीय का? 'मी नसते तर बरं' किंवा बाळाला काही करून बसेन असा विचार मनात येतो का? पहिल्या दोन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा; प्रसूती केलेल्या डॉक्टरांपासून सुरुवात केलीत तरी चालेल. तिसरं 'हो' असेल तर आजच घरच्यांना सांगा आणि आजच डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. या आजारावर औषधं आहेत आणि दूध पाजत असताना घेता येतील अशीही आहेत. मैत्रिणी हे बरं करू शकत नाहीत. पण लक्षात सगळ्यात आधी त्यांच्याच येतं, म्हणून सोबतीचा मुद्दा मी गंभीरपणे घेते.

तुमचं काही चुकलेलं नाही, सोय चुकली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला, पुढे ती देशभर गेली. आज खेड्यात आशाताई पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी दारात येते, वजन करते, आईला कसं वाटतंय ते विचारते. घोडबंदरच्या टॉवरमध्ये त्या 42 दिवसांत बेल वाजवतो तो कुरिअरवाला. पैसा, लिफ्ट, जनरेटर सगळं आहे, पण ज्या बाईचं बाळ महिन्याचं आहे तिची दखल घेणारी कोणतीही ठरलेली व्यवस्था नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 1989 मध्ये प्रसूतिगृहांना स्तनपानासाठी दहा पायऱ्या घालून दिल्या, त्यातली दहावी हीच होती: मातांचे आधारगट उभे राहू द्या आणि घरी जाणाऱ्या आईला त्यांच्याशी जोडून द्या. पहिल्या नऊ पायऱ्यांचे फलक आपल्याकडे भिंतीवर लागतात. दहावी डिस्चार्जच्या कागदावर मी तरी पाहिलेली नाही.

मोठा ग्रुप सोडू नका, पण म्यूट करा. त्याचा उपयोग वेगळा आहे: पाळणा विकत हवाय, रात्री उघडं मेडिकल कुठलं, कोणत्या बालरोगतज्ज्ञाकडे गर्दी कमी असते. औषधाच्या बाबतीत मात्र तिथलं काहीही बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. एकच उदाहरण देते. तापाचं पॅरासिटामॉल बाळांसाठी ड्रॉप्समध्येही मिळतं आणि सिरपमध्येही. ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 120 किंवा 125. कोणी भाबडेपणाने 'आम्ही अडीच एमएल देतो' लिहिलं, त्यांच्या हातात सिरप होतं आणि तुमच्या हातात ड्रॉप्स, तर तुमच्या बाळाला चौपट डोस गेला. डोस बाळाच्या वजनावर ठरतो आणि तो तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला असावा, बस्स.

दुसरं, ग्रुपवर अधूनमधून एखादी 'पोषण सल्लागार' उगवते, मोफत वेबिनार घेते आणि शेवटी पावडरच्या डब्याचं नाव येतं. 1992 चा कायदा आणि त्यातली 2003 ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांची दूध पावडर, बाटल्या आणि शिशुआहार यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तेव्हा असं कोणी आलं की अ‍ॅडमिनला सांगून बाहेर काढा. त्याच वेळी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडर देणाऱ्या आईला तिथे जे टोमणे बसतात तेही मला तितकेच खटकतात. तिने हिशेब कोणाला द्यायचा?

तुम्हाला दोनशे जणी नकोत. दोघी-तिघी पुरे, पण एकाच लिफ्टच्या पट्ट्यातल्या. नौपाड्यातली जिवलग मैत्रीण कितीही जीव लावणारी असली तरी कापूरबावडीचा सिग्नल ओलांडून ती दुपारी अर्ध्या तासासाठी येऊ शकत नाही. आपल्याच विंगमधली जेमतेम ओळखीची बाई येऊ शकते. या दिवसांत सोबत अंतरावर ठरते, स्वभाव जुळणं नंतरचं.

शोधायची कशी? ग्रुपवर 'कोणी मैत्री करेल का' असं लिहायला जीव कचरतो, साहजिक आहे, लिहूही नका. मालिशवाल्या बाईंना विचारा. कोणत्या विंगमध्ये कितव्या मजल्यावर कोणाचं बाळ किती महिन्यांचं आहे, हे सोसायटीच्या ऑफिसपेक्षा त्यांना जास्त पक्कं ठाऊक असतं. (कोणाच्या घरातलं काय बिनसलंय तेही ठाऊक असतं, ते मात्र ऐकू नका, आज तिचं ऐकलंत तर उद्या तुमचं तिकडे पोचेल.) त्यांच्याच हाती निरोप द्या. किंवा पाचच्या सुमाराला पोडियमवर उतरा, रोज त्याच बाकाजवळ, सलग आठवडाभर. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही. चौथ्या दिवशी 'किती महिन्यांची?' हा प्रश्न येतोच. मग आपण होऊन एखादी छोटी गोष्ट मागा: सेफ्टी पिन, नखं कापायचं छोटं नेलकटर, लिफ्टपर्यंत पिशवी धरणं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना कोणीच काही सांगत नाही. आपण मागितलं की समोरचीचाही संकोच मोडतो.

कासारवडवलीच्या एका टॉवरमधल्या तिघी मी जवळून पाहिल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते साडेबारा, आळीपाळीने एकीच्या घरी. हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर दुपटी, तिन्ही बाळं पालथी टाकलेली, एक आपली मूठ चोखतंय, दुसरं तिसऱ्याचं टोपडं ओढतंय. जिचं घर, तिने काहीही करायचं नाही, चहासुद्धा नाही. हा त्यांचा कडक नियम होता. त्या दिवशी तिची पाळी केस धुवायची. ती बाथरूममध्ये गेली आणि पाच मिनिटांत तिच्या मुलीने भोकाड पसरलं. बाकीच्या दोघींनी तिला हाक मारली नाही. एकीने उचललं, खिडकीपाशी नेऊन खालची मेट्रोची क्रेन दाखवली. अर्ध्या तासाने डोक्याला पंचा गुंडाळून ती बाहेर आली. "रडली का?" "रडली. गप्प झाली." एवढंच. सल्ला नाही, 'तिला भूक लागली असेल' नाही, 'आमचा नाही बाई रडत' नाही. दुसरीने तोवर कुकरमधला गरम वरण-भात बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून खाल्ला. तिसरी सतरंजीवरच वीस मिनिटं घोरली. पाठिंबा म्हणजे माझ्या लेखी हे. बोलणं त्यातून आपोआप होतं.

हा दीड तास नीट चालायचा तर काही गोष्टी सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्या, नंतर बोलायला अवघड जातं. घरात कोणालाही सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि त्याचा राग नाही धरायचा. दुसरीच्या बाळाच्या तोंडात काहीही घालायचं नाही: पाणी नाही, गुटी नाही, मधाचं बोट तर अजिबात नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणीही लागत नाही, ठाण्याच्या मे महिन्यातसुद्धा. आणि मध वर्षाच्या आत धोक्याचा आहे, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. दुसरीच्या बाळाला छातीशी घेऊन पाजायचं नाही, आपलं काढलेलं दूध द्यायचं नाही. पूर्वी जावा-जावांत चालायचं, पण रक्तातून पसरणारे काही आजार दुधातूनही जाऊ शकतात. म्हणून मिल्क बँकेत दान करणाऱ्या आईची तपासणी होते आणि दूध पाश्चराइज करून मगच दिलं जातं. आशियातली पहिली अशी बँक आपल्या जवळच, सायन हॉस्पिटलमध्ये 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूध जास्त होत असेल तर जवळच्या मिल्क बँकेत चौकशी करा. बाकी, दुसरीच्या बाळाचा फोटो स्टेटसला नाही, आणि नवरा-सासूबद्दल जे बोलणं होईल ते सतरंजीबरोबर गुंडाळून ठेवायचं. एकमेकींच्या नवऱ्यांचे नंबर मात्र घेऊन ठेवा. एखादीचं वागणं चार-पाच दिवस वेगळं वाटलं तर तिच्या घरी थेट फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असू दे.

दवाखान्याच्या खेपाही जोडीने करा. पुढची मोठी लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. एक रिक्षा, दोन आया, दोन बाळं. एक केसपेपरच्या रांगेत, दुसरी बाकावर.

आज्यांना विसरू नका. तुमच्या कॉम्प्लेक्सच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सकाळी ज्या बसतात, त्यातल्या निम्म्या जणींची नातवंडं पुण्यात किंवा परदेशात असतील. त्यांचे हात शिवशिवत असतात. त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडे नाही: वेळ, आणि रडणाऱ्या बाळाला घाबरायचं नाही ही सवय. त्या सहाणेवर वेखंड-जायफळ उगाळायला निघाल्या तर "आमच्या डॉक्टरांनी सहा महिने काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय, काकू" म्हणायचं. डॉक्टरांवर ढकललं की कोणी दुखावत नाही, माझ्या नावावर तर रोज काहीबाही ढकललं जातं. काजळाचं तसंच. पण अळिवाची खीर करून आणली तर बिनदिक्कत खा. दूध वाढेल की नाही यावर मी पैज लावणार नाही, लोह आहे आणि कोणीतरी तुमच्यासाठी केलंय.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच काढते. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचंही बाळ लहान असू शकतं. त्यांना 26 आठवडे रजा नाही, दोन महिन्यांत कामावर. तुमच्या तिघींच्या गटात त्या नसतील, पण तुमच्या घरी बसून दहा मिनिटं दूध काढायला जागा, फ्रिजमध्ये एक डबी, एवढं सहज देता येतं. पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये त्यांना मिळू शकतात. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात अर्ज भरायला मदत करा. घोडबंदरला इमारतींची घरं ज्यांच्या जिवावर चालतात त्यांची बाळं मागच्या वस्तीत कोणाकडे तरी सोडलेली असतात. मातांच्या आधाराच्या गप्पांत त्या कुठे नसतात, हे मला बरोबर वाटत नाही.

नवऱ्याबद्दल थोडकंच. 'मदत करतो' म्हणायचं बंद करा. रविवारी सकाळी तीन तास मुलगी त्यांची, आणि तुम्ही त्या वेळात घराबाहेर, उपवनला चक्कर मारा किंवा नुसत्या खाली गाडीत बसा. घरात राहिलात तर दर दहा मिनिटांनी हाक येईल.

कामावर जायची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, त्याआधी फ्रीजर भरत बसू नका. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दूध जास्त निघतं. हाताने काढा किंवा पंपाने. पंपात 40 मिलिलिटर आलं म्हणजे छातीत तेवढंच आहे असा अर्थ नाही, बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. बाहेर 25 अंशांपर्यंत चार तास ठेवता येतं, पण आपल्या हवेत सरळ फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही, आणि चोवीस तासांत वापरून टाका. कोमट करायला गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवा, मायक्रोवेव्ह नको. तुम्ही दहा तास बाहेर असाल तर साधारण 300 ते 450 मिलिलिटर धरा. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं, बाटली लागतेच असं नाही. तोवर सहा महिने होतील. नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण सहा महिने पूर्ण झाल्यावरच, पण जमलं तर रुजू व्हायच्या आधी सुरू करा म्हणजे पहिले घास तुमच्या हातचे होतील आणि काही बाधलं तर कळेल.

ऑफिसला आत्ताच मेल करा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही. दूध काढायला कडी लागणारी, स्वच्छ खोली मागा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो आणि काचेच्या ऑफिसात बाईला टॉयलेट दाखवतात, हे मी कित्येकींकडून ऐकते.

सांभाळायला कोण, यावर तुमच्या तिघीतलीच एखादी कामावर जाणारी असेल तर दोघींत मिळून एक बाई ठेवण्याचा विचार करा. एका घरात दोन बाळं, एक बाई, पगार अर्धा-अर्धा. वर्षाखालची दोनच, तिसरं नको. पोलीस पडताळणी करून घ्या. बाई आजारी पडली तर कोण रजा घेणार, दुसरं बाळ आजारी पडलं तर ते कोणत्या घरी, हे कागदावर लिहा. तोंडी ठरलेलं पहिल्याच तापात मोडतं. पाळणाघर बघायचं असेल तर सकाळी दहाला, सगळं आवरलेलं असताना जाऊ नका. दुपारी चारला, न सांगता जा. त्या वेळी बाळं उठत असतात, बायका दमलेल्या असतात, आणि रडणाऱ्याला उचलायला कोण येतं ते दिसतं.

रुजू मात्र सोमवारी होऊ नका. बुधवार किंवा गुरुवार मागून घ्या. दोन-तीन दिवसांतच शनिवार येतो, काय बिनसतंय ते कळतं, आणि तेवढे दिवस मैत्रिणींपैकी एखादीला दुपारी एकदा घरी डोकावायला सांगता येतं.